गादीखालच्या अकरा चटया

लेपेकाकडे चटई मागायला गेलेलं माणूस हात हलवत परत येतं, हे आमच्या सवाई बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्न असो की मयत, बारीक विणीच्या चटया दिल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. पण कुणी दारात आलं की म्हातारीचं ठरलेलं, "अगं, कुठल्या आल्यात चटया. होती तीही गेली." आणि तिच्या गादीखाली आईने विणलेल्या, रेशमासारख्या अकरा चटया पसरलेल्या. भिंती नसलेल्या आमच्या घरांत लपवायला तेवढीच काय ती जागा.

तिला दुखणं एकच होतं. नात तिलोमाई कोरड्या महिन्यांत तिच्या कुशीत झोपायची. नोव्हेंबरात आमच्याकडचा पावसाळा लागला की पोरीला धाप लागायची, आणि सून तिला मावशीकडे नेऊन ठेवायची, ती थेट मे महिन्यापर्यंत. मग लेपेकाला जेवण गोड लागत नसे. ती पावसाला शिव्या घालायची.

वर्षभर घरोघरच्या बिछान्यांतली धूळ तपासणारी नर्स एलिसापेता ऑक्टोबरात आली.

"आजी, धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. दमट हवेत बेसुमार वाढतात, कोरड्या हवेत मरतात. त्यांनीच पोरीला धाप लागते. ऑगस्टमध्ये सगळ्या घरांत कमी झाले, तुमच्याकडे तेव्हाही जत्रा. गादीखाली ओल धरणारं काय दडवलंय?"

"काही नाही."

"मग यंदाही पोर मावशीकडेच जाईल."

तीन दिवस लेपेका त्या गादीवरच बसून राहिली. चौथ्या दिवशी सकाळी उठली, गादी उलटी केली आणि अकराच्या अकरा चटया अंगणात, भर उन्हात पसरल्या. जी काही अब्रू जायची ती जाऊ दे म्हणाली.

समोरच्या घरातून नणंद सेफिना आली. गेल्या वर्षी लेकीच्या लग्नाला तिने एक चटई मागितली होती. तिने सावकाश सगळ्या मोजल्या.

"वहिनी, होती तीही गेली म्हणालीस. दहा पोरं घेऊन माहेरी आलेली दिसते."

लेपेकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सेफिनालाच हसू आवरेना, मग हिलाही आवरेना. सर्वांत मोठी चटई उचलून तिने नणंदेच्या खांद्यावर टाकली. "घे बाई. चुकलं माझं." संध्याकाळपर्यंत अख्खा गाव येऊन गेला आणि चार चटया उरल्या. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या चार आता ऊन पडेल तेव्हा बाहेर असतात, एरवी वाशावर. मार्चात भर पावसात दुपारी कुणी नातलग चटई मागायला आला. लेपेका गादीवर बसली होती. मांडीवर तिलोमाई, श्वास अगदी संथ.

"चार आहेत, हवी ती घेऊन जा," लेपेका कुजबुजली. "पण हळू बोल. पोर झोपलीय."