वर्कशॉप, गॅरेज नव्हे

केजच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप. गॅरेज नाही. हे मी कित्येक वर्षं सांगतोय आणि लोक मान डोलावून पुन्हा गॅरेजच म्हणतात. वर्कशॉपात वस्तू तयार होते, गॅरेजात बिघडलेली गाडी दुरुस्त होते, इतका साधा फरक. मी ट्रॉल्या बनवतो, गेटं बनवतो, ऊस वाहायच्या टायरगाड्या बनवतो. तरी सकाळी शटर वर केलं की पंक्चर मोटारसायकल घेऊन कुणीतरी दारात उभाच. एकानं तर हॉर्न वाजत नाही म्हणून ट्रॅक्टर आणून लावला होता. समोरच्या गॅरेजकडं बोट दाखवून दाखवून माझा हात दुखायला लागलाय.

गेल्या खंडेनवमीला या फरकानं माझीच जिरवली. त्या दिवशी आम्ही हत्यारं पुजतो. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातोडे, पाने सगळं पुसून सतरंजीवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. बायकोनं पूजा मांडली आणि मी वर्षातली एकुलती एक सुट्टी खुर्चीत टेकून घ्यायला बसलो.

तेवढ्यात एक नवरा-बायको बैल जुंपलेली टायरगाडी घेऊन आले. गाडीची लोखंडी दांडी मुळाशी तडकली होती, दोरानं आवळून कशीबशी आणलेली. त्यांची ऊसतोडीची टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याचा मुहूर्त साधून, बैल-गाड्या ट्रकात घालून निघणार होती. गाडी नसली तर मुकादम त्यांचा कोयता, म्हणजे ही नवरा-बायकोची जोडी, मागं सोडून दुसरी घेणार होता. अख्ख्या हंगामाचं काम गेलं असतं.

बाईनं हे सगळं सांगितलं आणि मी नीट ऐकलंही. पण माझ्या तोंडून निघालं काय, तर हे वर्कशॉप आहे, दुरुस्तीला समोर जा. वर हत्यारं पूजेत आहेत हेही ऐकवलं. ती रस्ता ओलांडून गेली. गॅरेजवाला म्हणाला, आम्ही इंजिनचं बघतो, लोखंड जोडणं वर्कशॉपचं काम. ती परत आली. मी म्हटलं, नवी गाडी बनवायची असती तर माझं काम, ही जुनी आहे. ती पुन्हा तिकडं गेली. त्याचीही हत्यारं पूजेत, आणि हेका माझ्याइतकाच. बैल भर उन्हात उभे. मला त्या गॅरेजवाल्याचा असा संताप आला! इतकी वर्षं समोरासमोर धंदा करतोय, पण अडल्या माणसाचं ऐकून घेईल तर शपथ.

तिसऱ्यांदा आली तेव्हा बाई माझ्याशी बोललीच नाही. सरळ पूजेसमोर बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, ह्येला वर्कशॉप म्हणा न्हाई तर गॅरेज म्हणा. आमी उद्या जायचं का न्हाई, तेवढं सांगा."

बायकोनं मशीनला नमस्कार केला, त्यावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं आणि वेल्डिंगचा होल्डर उचलून माझ्यापुढं धरला.

"देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तुमी उठा."

उठलो. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून अजूनच चिडचिड होत होती. दांडीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या, आडवा अँगल जोडला. होल्डरवरचं कुंकू हाताला लागलं आणि घाम पुसता पुसता कपाळभर झालं. नवरा इतका वेळ सोडलेल्या बैलांपाशीच उभा होता. जोड थंड झाल्यावर तो दांडीवर चढला, सगळा भार टाकून दोन उड्या मारल्या, आणि पहिल्यांदा हसला.

तो बैल जुंपत होता तेव्हा बाईनं मुकादमाला फोन लावला. माझ्या शेजारीच उभी राहून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आमचं नाव खोडू नका, गाडी झाली. आत्ता गॅरेजवरूनच निघालोत."

मी बोलायला तोंड उघडलं. बायको फूल हातात घेऊन माझ्याकडंच बघत होती. मी तोंड मिटलं.