माझं भाषावय पाच वर्षं

"तुझं भाषावय पाच वर्षं." मॅडमनी माझा फॉर्म सगळ्या वर्गासमोर वर धरला. "अकोल्याला जाऊन तू पेशंटना काय बोलायला शिकवणार?"

वर्ग हसला. भाषावय म्हणजे चाचणीत दिसलेलं बोलण्या-समजण्याचं वय. मी तेवीस वर्षांची. अमरावतीत वाचा-उपचाराच्या शेवटच्या वर्षाला होते. उशिरा बोलणारी, अडखळणारी लेकरं बोलती करायची, हे आमचं काम. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात प्रशिक्षणाला दोघींनाच घेणार होते, तेही भाषावय काढणाऱ्या प्रमाणित चाचणीच्या गुणांवर. ती जागा मला हवी होती. जिवापाड हवी होती.

फॉर्मवरचं अक्षर माझ्या मैत्रिणीचं होतं. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

चाचणी घ्यायला शिकताना आम्हाला रोज लेकरं कुठून मिळणार? म्हणून आम्हीच एकमेकींची लेकरं व्हायचो. एकीनं चाचणी घ्यायची, दुसरीनं लेकरू बनायचं. फॉर्म मात्र खऱ्यासारखा भरायचा, त्यावर लेकरू झालेलीचं नाव. त्या दिवशी मैत्रीण चाचणी घेत होती, आणि मॅडम मला म्हणाल्या, "तुझ्या भाचीसारखी बोल. अगदी तीच हो." वलगावची माझी भाची फार उशिरा बोलायला लागली. तिच्यामुळे मी या शिक्षणाकडे वळले, हे मी फक्त मॅडमनाच सांगितलं होतं.

झाले मी ती. चित्रातल्या गाईकडे नुसतं बोट दाखवलं. अर्धं वाक्य गिळलं. मान खाली घातली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी वेडी, हरखून गेले.

मागच्या आठवड्यात सगळ्यांची खरी चाचणी झाली. मला मॅडम म्हणाल्या, "तुझं माझ्याकडे आहे, काळजी करू नको." मी केली नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवला, हीच माझी चूक.

तास संपल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, ते सोंग होतं. तुम्हीच करायला सांगितलं होतं."

त्यांनी वरही बघितलं नाही. "फॉर्मवर नाव तुझं आहे. आणि तुमच्या लोकांना राखीव जागेवर प्रवेश मिळतो, तेवढं पुरे नाही का? निकाल मान्य म्हणून इथे सही कर."

केबिनबाहेर लागलेल्या यादीत निवडलेल्या दोघींत एक आमच्या संस्थाचालकांची पुतणी होती. तेव्हा सगळं लख्ख कळलं.

खेड्यातल्या आया लेकरं घेऊन आल्या की मॅडम मलाच पुढे करायच्या. "तुला त्यांच्याशी बोलता येतं." तीन वर्षं मी त्या आयांशी बोलत होते. तेव्हा माझं भाषावय किती होतं?

सही न करता घरी आले. आई अंगणवाडीत मदतनीस. तिला सांगताना मला रडू आवरेना.

"रडून काहून राहिली? सई केली काय तू?"

"नाई."

"मंग करू नोको. त्यायनं लेकराचं सोंग मांगतलं, तू देल्लं. आता खरं काय ते लिवून दे."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये तोच फॉर्म मागितला. सही करायला आले, असं मॅडमना वाटलं. त्यांनी पेनही पुढे केलं. त्याच पेनानं मी फॉर्मवर आडवं लिहिलं: 'हे बोलणं माझ्या भाचीचं. मॅडमच्या सांगण्यावरून मी ते करून दाखवलं. माझी चाचणी झालेलीच नाही.' खाली पूर्ण नाव. मोबाईलवर फोटो काढला.

मॅडमचा चेहरा उतरला. "जरा दमानं घे. तुझी परत घेऊ चाचणी. आधी हे खोड."

"खोडणार नाही. चाचणी देईन, पण अकोल्याचे परीक्षक समोर बसतील तेव्हा. आणि दार उघडं ठेवून."

"वर्ष वाया जाईल तुझं."

जाईल. फोटो प्राचार्यांना दिला, दवाखान्यालाही पाठवला. उत्तर अजून कुणाचंच नाही. फॉर्मवर आपलं अक्षर आहे म्हणून घाबरलेली मैत्रीण माझ्याशी बोलत नाही. भाचीचं अडखळणं मी या बाईंच्या हातात विश्वासानं दिलं आणि त्यांनी ते माझ्याच तोंडावर फेकलं, हे मी विसरणार नाही. जागा मिळो न मिळो, ती ओळ तिथेच राहील. ती खोडायला माझा हात कुणाला मिळणार नाही.