तीन शिक्षा आणि दुपारची भाकरी

आमच्या ह्यांनी कालव्याचं पाणी चोरलं, तेही भर दुपारी. रात्री गेले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण नाही! "मी काय चोर हाय, अंधारात जायाला?" असं म्हणून खांद्यावर कुदळ टाकली आणि निम्म्या शेळगावासमोरून गेले. ऊस वाळत होता आणि आमची पाण्याची पाळी दुसऱ्यालाच देऊन टाकली होती, त्यानं ह्यांचं डोकं फिरलं होतं.

आधी कालव्याच्या दाराचं कुलूप फोडलं. पाटकरी, म्हणजे कालव्यावरचा सरकारी राखणदार, अडवायला आला तर त्याला पाण्यात ढकलला. मग धोतर काठावर फेकून स्वतःच उडी मारून बाहेर काढला, ते कोरडं धोतर त्याला नेसायला दिलं. जेवणवेळ झालेली. रानात कुणी समोर असताना एकट्यानं भाकरी सोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. तेव्हा मी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा दोघांनी मिळून खाल्ला. हात धुतल्यावर पाटकरी म्हणाला, "आवं, वर्दी तर द्यावीच लागंल." झालं! ह्यांनी त्याला खोपीत कोंडला आणि शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत कडी काढली नाही.

इंदापूरच्या कोर्टानं तीन वेगळे गुन्हे धरले. प्रत्येकाला सहा महिने, एकापाठोपाठ एक. दीड वर्ष! आडसाली ऊस लावून तोडायला लागतो तेवढा काळ. आणि मला तिसरा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण, आई नाही, सासूही नाही. खरं सांगते, मला फार भीती वाटत होती. हे घरात हवे होते, बस्स.

बारामतीच्या वकिलांनी पुण्याला अपील केलं. गुन्हा नाकबूल करण्यात अर्थ नव्हता, ह्यांनीच तो गावभर सांगितलेला. वकिलांचं म्हणणं एवढंच, की सगळं एका रागात, एका दमात झालं. तेव्हा तिन्ही शिक्षा एकदमच भोगू द्याव्यात. म्हणजे सहा महिन्यांत सुटका. तुरुंगात भेटून त्यांनी ह्यांना बजावलं, "तुम्ही नुसती मान डोलवा."

नुसती मान डोलवतील तर ते हे कसले! मी सासऱ्यांबरोबर कोर्टात मागं बसले होते. पाटकरीही आला होता, ह्यांचं धोतर धुऊन परत द्यायला. जज्जसाहेबांनी विचारलं, "सगळं एका दमात झालं का?"

"न्हाय साहेब," हे म्हणाले, "मधी जेवलो की."

वकिलांनी कपाळाला हात लावला. सासरे पुटपुटले, "मुडद्या, गप की!"

"कोण जेवलं?"

"आमी दोघं. त्यो भिजला हुता, उपाशी हुता. त्याच्यासमोर एकट्यानं कसं खायाचं?"

तेवढ्यात मागून पाटकरी न विचारताच उठला. "व्हय साहेब. ठेचा लई तिखट हुता."

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले. म्हणाले, मारणारा आणि मार खाणारा एका फडक्यात जेवतात, तर हे भांडण एकच. तिन्ही शिक्षा एकदम भोगाव्यात.

ह्यांना वाटलं, आपण खरं बोललो म्हणून झालं. वकिलांना वाटलं, आपल्या वकिलीनं झालं. भाकरी कुणी थापली होती, हे एकाच्या तरी ध्यानात यावं? शपथ!

सुटून आले तेव्हा माझे दिवस भरत आले होते. आल्यापासून ह्यांचं तोंड बंद नाही, जो भेटेल त्याला तीच कथा. चार दिवसांत कळा सुरू झाल्या. आत मी आणि सुईण. बाहेर ओट्यावर हे, भेटायला आलेला पाटकरी आणि निम्मी आळी. "मंग म्या ह्येला ढकलला," हे मोठ्यानं सांगत होते. पाटकरी मधेच, "आन ठेचा? ठेच्याचं सांगा की!"

सुईण वैतागली. "त्यास्नी गप बसवून येऊ का?"

मी तिचा हात घट्ट धरला. "नगं," म्हणाले, "बोलू दे त्यांना."