मंगलताईंची ती दुपार

वैशूचा फोन सकाळी आला. "मावशी, आई गेली गं... झोपेतच." गॅस बंद करून मी तशीच जिना उतरले. महिना होत आला, पण मंगलताई म्हटलं की मला ती एक दुपारच आठवते.

बदलापूरला, कुळगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आनंदनगरच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेलेला, वैशू एकुलती एक. ती लग्न होऊन दुबईला गेली आणि वर्षभरात कळलं, जावई हात उगारतो. घरून फोन केला की तो शेजारी बसून ऐकायचा. खरं बोलायला एकच जागा उरली होती... वैशूच्या ऑफिसातला कॉम्प्युटर, तोही जेवणाच्या सुट्टीत. इकडच्या कॉम्प्युटरवर चॅट तिनेच जायच्या आधी लावून दिलं होतं. पासवर्ड त्या मशीनच्याच लक्षात. ताईंना तो ठाऊकच नव्हता. त्यामुळे सायबर कॅफेत जाऊन उपयोग नव्हता.

आदल्या दिवशी वैशूने लिहिलं होतं, "आई, उद्या नक्की ये. विचारायचंय." आणि नेमकं दुसऱ्या दिवशी नेट गेलं.

"अगं, खाली चल ना! पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी आलंय," ताई माझ्या दारात उभ्या. आम्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मागची वायर काढून, पुसून परत खोचली. केबलवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, इकडून सब चालू आहे. रिस्टार्ट मारा." पुन्हा रिस्टार्ट. पुन्हा तेच पिवळं चिन्ह. ताई पडद्याला हात लावून म्हणत होत्या, "थांब बाळा, थांब..."

मग त्या गच्चीवर धावल्या, मी मागे. वायर शेजारच्या विंगच्या गच्चीवर जात होती. तिथे नेटची पेटी होती, तिच्यातला एकही दिवा लागलेला नव्हता. ज्या घरातून पेटीला वीज यायची, ते कुटुंब मेन स्विच बंद करून गावी गेलेलं. ताईंनी वरच्या मजल्यावरचं प्रत्येक दार बडवलं. "प्लग द्या हो कुणीतरी, माझी मुलगी तिकडे अडकलीय!" शेवटी एका बाईंनी एक्स्टेन्शन बोर्ड दिला. दिवे लागले. आम्ही खाली पळालो.

पडद्यावर वैशूच्या ओळी येऊन पडल्या होत्या. "आई, आहेस का?" "मी निघून येऊ का?" "आई?" आणि शेवटी, "ठीक आहे."

ताईंनी एका बोटाने लिहिलं, "ये. आत्ता ये." ते वाचायला पलीकडे कुणी नव्हतं. त्याच संध्याकाळी नवऱ्याने तिला नोकरी सोडायला लावली, हे आम्हाला फार नंतर कळलं. आईने मुद्दामच उत्तर दिलं नाही असं समजून वैशू त्या घरात कितीतरी महिने राहिली. हात मोडला, तेव्हा दवाखान्यातल्या एका नर्सने तिला बाहेर काढलं.

ती परत येऊन ताईंकडेच राहू लागली, तेव्हा ताईंनी सगळं सांगितलं. वैशू म्हणाली, "जाऊ दे आई, वायरचा काय दोष?" ताई मात्र त्यातून कधीच सुटल्या नाहीत.

तेव्हापासून दुपारी त्या दाराला कडी लावत नसत. वारा असो, कुत्रं येवो, दार उघडंच. म्हणायच्या, "कुणाला बाहेर थांबायला लागू नये." परवा दुपारी मी खाली गेले, तर वैशू जेवून कडी लावत होती. मला जिन्यात पाहून थांबली. कडी काढली, दार भिंतीपर्यंत लोटलं आणि आत गेली.