टेकूआबा

स्लॅबखालचे टेकू काढायची वेळ झाली की आबा सगळ्यांना बाहेर घालवत. मालक, मिस्त्री, बिगारी, कोणीही असो. "समदी भाईर व्हा," एवढंच म्हणत आणि हातोडा घेऊन एकटेच आत जात. वराळ्यात ते आमच्या शेजारी राहायचे. सेंट्रिंगचं, म्हणजे ओल्या स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचं काम करायचे, म्हणून गाव त्यांना टेकूआबा म्हणे.

ही सवय त्यांना धाकट्या भावाच्या मरणाने लागली होती. उर्स्याजवळच्या एका गोदामाचं उद्घाटन ठरलं होतं. टेकू व्यासपीठाच्या आड येत होते. पाहुण्यांची वेळ सगळ्यांनी विचारली होती, काँक्रीटची कोणीच नाही. टेकू लवकर काढायला लावले आणि आत एकट्याच असलेल्या भावावर स्लॅब आला. आबा मात्र याबद्दल एकच वाक्य बोलत, "वरनं वाळलं म्हंजी आतनं वाळलं असं न्हाई."

दुसऱ्यांच्या घरांचे टेकू ते वेळेवर काढत. उन्हाळ्यात स्वतःच्या घरावर स्लॅब टाकला, त्याचे मात्र त्यांच्याने निघेनात. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तरी खोलीत टेकूंच्या बल्ल्यांचं रान तसंच. आबांची बायको, आमच्या काकू, त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाक करायच्या. संगीताचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरलं. "आबा, टेकू रुखवतात मांडायचे का?" असं मी विचारलं. ते हसले नाहीत.

हळद जवळ आली तशी संगीताने स्वतःच हातोडा उचलला.

"तुमी काडा, न्हाईतर मी काडते."

"ठेव त्यो. आन् भाईर हो."

"न्हाई. तुमी आत तर मी बी आत. काका एकलाच व्हता, आबा."

आबांनी तिच्या हातातून हातोडा घेतला, पण तिला बाहेर काढलं नाही. आम्ही अंगणात उभे होतो. आधी मधल्या टेकूची पाचर उडाल्याचा आवाज आला, मग एकेक बल्ली आडवी होत गेली. नंतर सगळं शांत. कोणीच बाहेर येईना, म्हणून मी दारातून डोकावलो. रिकाम्या खोलीत बापलेक भिंतीला टेकून बसले होते. आबांनी तिचा हात घट्ट धरला होता आणि नजर वर लावली होती.

मुलगी सासरी गेली तेव्हा त्यांनी खाट त्याच खोलीच्या मध्यावर टाकली. गेल्या थंडीत एका पहाटे ते तिथेच झोपेत गेले. मी पाहिलं तेव्हा ते कुशीवर होते, गुडघे पोटाशी घेऊन, छताची काही काळजी नसलेल्या माणसासारखे.