संडासाचं कुलूप

"ऊठ. डोळे दाखव सगळ्यांना," सर म्हणाले.

मी उठले. शहापूरचं कॉलेज, जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल. सरांनी खडू लागलेल्या बोटाने माझी पापणी ओढली. "पिवळे आहेत ना? सिकलसेल. खर्डीकडच्या ह्या आदिवासींच्या वाड्यांत घरोघरी. आपल्याला नमुना वर्गातच मिळाला."

पोरं हसली. माझं नाव त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं.

मग सरांनी फळ्यावर रक्ताची पेशी काढली. सुरेख काढली, खोटं कशाला बोलू. पेशीभोवती पातळ पडदा. अंगातलं पाणी आटलं की पेशीतलंही पाणी पडद्यातून बाहेर झिरपतं. आतलं हिमोग्लोबिन दाटतं. त्याने प्राणवायू देऊन टाकला की ते एकमेकांना चिकटतं, त्याच्या काड्या होतात. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. पुढे प्राणवायू पोचत नाही.

"म्हणून अशा रोग्याने भरपूर पाणी प्यायचं. पण ह्यांना कोण सांगणार?"

मला ताई आठवली.

मुरबाडकडच्या आमच्या आश्रमशाळेत मुलींच्या संडासाला दिवसभर कुलूप असायचं. अधीक्षिकाबाई म्हणायच्या, "तुम्ही रानातली माणसं, घाण करता." म्हणून आम्ही मुली सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. थोरली बहीण मला बजावायची, "घोट नको घेव गो. मंग जाशील कुठं?" तशीच उन्हात कवायत. ताईचे हातपाय ठणकायचे, ती मातीत लोळायची. बाई म्हणायच्या, "नाटकं." अशाच एका उन्हाळ्यात ताई गेली. वाडीतली माणसं म्हणाली, बाहेरचं लागलं.

बाहेरचं कसलं! कुलूप होतं ते.

आणि धाकटी बहीण सोनी आज त्याच शाळेत आहे. तिचेही डोळे पिवळे आहेत.

सर सुई घेऊन आले. "बोट पुढे कर. स्लाइड करू."

मी हात मागे घेतला. "नाय देनार."

"अगं, विज्ञानासाठी आहे."

"रगत माझं हाय, सर. इचारलंत काय मला?"

"मग बाहेर हो!"

मी बाहेर झाले. जिन्यात बसून हमसून हमसून रडले. भीती वाटते मला. सर नापास करतील, कॉलेज सुटेल, आईबा पुन्हा वीटभट्टीवर नेतील. सगळं कळतं. पण आत्ता, ह्या दुपारी, सोनी ओठांवरून जीभ फिरवत वर्गात बसली असेल.

हे सांगतेय ती मुरबाडच्या एसटीत बसून. मांडीवर पाण्याची भरलेली बाटली आहे. बाईंकडे चावी मागणार, एकदाच. नाही दिली तर दगडाने कुलूप फोडीन. मग सोनीला त्यांच्यासमोर पोटभर पाणी पाजीन.