डावं कुणाचं?

पडदा वर जातो तेव्हा समोर अमेरिकेतल्या टोलिडो शहरातली एक शेड दिसते. लिफ्टवर चढवलेली, चाकं काढलेली गाडी, तिच्याखाली एक दिवा, आणि त्या उजेडात मान वर करून उभी असलेली इरीन नोविकी. मोटारदुरुस्तीची सचित्र पानं संगणकावरून गॅरेजांना विकणाऱ्या कंपनीत ती पानांतल्या चुका सुधारायची. गॅरेजवाले फोनवरून शिव्या मोजायचे. ती निमूट ऐकायची आणि गाडीखाली जाऊन खरंखोटं करायची. त्या शिव्या मोजणाऱ्यांत तिचा लाडका होता मन्रो गावचा म्हातारा ऑर्विल लबो.

"इरीनबाई, तुमच्या पानावर एक दिवस गाडीला पाचवं चाक फुटणार बघा," अशी त्याची सुरुवात असायची. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज खाली होता.

रस्त्यावरच्या मिठाने तिकडे ब्रेकच्या नळ्या कुजून जातात. ऑर्विलने शेजारच्या थेल्माबाईंच्या गाडीला सगळ्या नळ्या नव्या घातल्या, कंपनीचं पान संगणकावर समोर ठेवून. पुढे बर्फावर थेल्माबाईंनी जोरात ब्रेक दाबला, गाडी गर्रकन फिरली आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. एबीएस, म्हणजे घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक आपोआप सोडणारी यंत्रणा; तिचा धोक्याचा दिवा काही लागला नव्हता. यंत्राच्या मते सगळं ठीक होतं. फक्त डावं चाक घसरलं की ब्रेक सुटत होता उजव्याचा.

"म्हाताऱ्याला डावं-उजवं कळेनासं झालंय म्हणतात गावात," ऑर्विल म्हणाला. "गाडीला कुणी हात लावू देईना. एवढंच सांगा, मी चुकलो की पान?"

पान चुकलं होतं. या धंद्यात डावं म्हणजे गाडीत बसलेल्या चालकाचं डावं. नवा चित्रकार बॉनेटसमोर उभा राहिला आणि त्याने स्वतःचं डावं काढलं; पानावर डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल झाली.

इरीन साहेबाकडे गेली. "छान पकडलंस," ग्रँट म्हणाला. "बदल, आणि विषय संपव."

"ज्यांनी ते पान वापरलंय त्यांना कळवायला नको? आणि ऑर्विलचं काय? गावभर बदनाम झालाय तो."

"कळवलं म्हणजे कबूल केलं. वकील नको म्हणतात."

पान तसंच ठेवावं तर आणखी कुणाची तरी गाडी फिरणार. इरीनने आपल्याच हाताने जुनं चित्र काढून नवं बसवलं. जुनं वकिलांच्या कुलपात गेलं. नाटकात अशा वेळी कुणीतरी पुरावा घेऊन दारात उभं राहतं. इथे दार लोटलेलंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने नोकरीची पर्वा न करता ऑर्विलला फोन लावला.

"ऑर्विल, पान चुकलं होतं. तुम्ही नाही."

"मी आज सकाळी उघडून पाहिलं की. नळी न् नळी जागेवर आहे."

"कारण काल मी ते बदललं."

"मग जुनं दाखवा ना."

"ते आता माझ्या हातात नाही."

तो हसला. त्याच्या इतक्या वर्षांच्या शिव्या तिला कधी लागल्या नव्हत्या. हे मायेचं हसणं मात्र जिव्हारी लागलं. गॅरेज विकायला गिऱ्हाईक पाहिलंय, त्याने सांगितलं.

"ऑर्विल, मी खरं सांगतेय."

"मन मोठं आहे तुमचं, इरीनबाई. पण पान मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."